न कापलेला पत्रा

आधी माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ओळ सोडून खाली घसरतं. ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधीच जमलं नाही. नामपूरजवळच्या आमच्या गावात चौथीपर्यंत शिकले, पुढची शाळा लांब होती, घरच्यांनी पाठवलं नाही. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर हे लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. तरी कधी मुलीच्या हाताला लागलं, तर चुका बघून तिने हसू नये, एवढंच.

मी बोलायला लाजते. चारचौघांत माझा आवाज घशातच राहतो. लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून बरं वाटतं.

सातपूरला कारखान्यांच्या मागे, नाल्याच्या कडेने आमची वस्ती आहे. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला कळलं, की आमच्या गल्लीत घर बांधत नाहीत, जोडतात. लोखंडी अँगल उभे करायचे, त्यांना पत्रे लावायचे आणि सगळं नटबोल्टांनी आवळायचं. गल्लीतले निम्मे पुरुष वेल्डर, पण घराला वेल्डिंग कोणी करत नसे. जागा आमची नव्हती. कोणी म्हणे सरकारची, कोणी म्हणे नाल्याची. बुलडोझर आला तर नट सोडवून, पत्रे उतरवून, ते डोक्यावर घेऊन निघता आलं पाहिजे, म्हणून ही रीत.

आमचे हे एका लहान वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. नट सोडवायचा एक पाना दाराच्या आत, देवाच्या फोटोखाली तारेने टांगलेला असायचा. मी नवीन होते तेव्हा विचारलं, हा कामावर का नेत नाही? म्हणाले, "हा कामाचा नाही, हा घराचा आहे." माझं लग्न व्हायच्या आधी एकदा वस्ती पाडली होती. तेव्हा ह्यांनी आणि सासूबाईंनी घर पत्रा पत्रा करून उतरवलं होतं आणि पुढे काही दिवसांनी तिथेच परत उभं केलं होतं. सासूबाई आता नाहीत. त्या गेल्या तेव्हाही खोकतच होत्या. म्हातारपणाचा खोकला आहे, असं सगळे म्हणाले.

पत्रा कापायचा नाही, असा गल्लीत नियमच होता. भोक पाडलेला पत्रा दुसऱ्या जागी छपराला चालत नाही, भंगारात जातो. म्हणून कोणाच्याच घराला खिडकी नव्हती. जमिनीत पैसा घालायचा नाही, कारण जमीन उचलून नेता येत नाही. आणि घराला कुलूप लावायचं नाही. कुलूप दिसलं की मोजायला आलेली माणसं घर रिकामं आहे असं लिहितात, असं सगळे मानायचे. पलीकडच्या रांगेतलं एक कुटुंब लग्नाला गेलं होतं, परत आलं तर यादीत त्यांचं घरच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक घरात कोणीतरी बसलेलं असायचंच. आमच्या घरात मी बसायचे. माहेरी जायचं झालं तरी हे सुट्टी घेऊन घरी थांबायचे.

गॅसची टाकी होती, पण ती चहापुरती. स्वयंपाक चुलीवर. कारखान्यातून माल बांधून आलेल्या लाकडी खोक्यांच्या फळ्या हे घेऊन यायचे, त्या जाळायचे. त्यांना रंग नाहीतर तेल लागलेलं असायचं. धूर वर जाऊन पत्र्याला लागायचा आणि परत खाली यायचा. मला सवय झाली होती.

मुलगी लहान होती तोवर सर्दी-खोकला असायचा, तो कोणाच्या मुलांना नसतो. मग एका पावसाळ्यात तिचा श्वास वाजायला लागला. आधी मला वाटलं, मांजराचं पिल्लू कुठे अडकलं आहे. मी खाटेखाली वाकून बघितलं. आवाज तिच्या छातीतून येत होता.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना सांगायला नको. नाकपुड्या फुलतात. गळ्याखाली खळगा पडतो. फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाते. मूल रडत नाही, कारण रडायलासुद्धा हवा लागते. ते फक्त आपल्याकडे बघत राहतं. ती नजर मला अजून भाकरी थापताना मध्येच आठवते आणि हात थांबतो.

सरकारी दवाखान्यात तिला तोंडाला लावून वाफ दिली. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात ओल आहे?"

मी मान हलवली.

"खिडक्या किती?"

मी खाली बघितलं.

"अहो, किती? एक? दोन?"

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे?"

"खिडकी नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग स्वयंपाक कशावर करता, जमीन कसली आहे, सगळं विचारलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दमा आहे. औषध मी देते, पंप कसा ओढायचा तेही शिकवते. पण औषध घेऊन मूल त्याच हवेत झोपणार असेल, तर तुम्ही परत परत इथेच याल. जमीन कोरडी करा. एक खिडकी तरी काढा. धूर आत नको."

घरी येऊन ह्यांना सांगितलं.

"खिडकी काढा म्हणे. बाईंना सांगायला काय जातं?" हे म्हणाले. "पत्रा कापला आणि पुढच्या महिन्यात गाडी आली तर? चाळणी घेऊन कुठे जाऊ मी?"

"सिमेंटचा कोबा तरी करू."

"कोबा डोक्यावर घेशील का?"

चिडून बोलत नव्हते. बोलताना त्यांचा हात मुलीच्या पाठीवरून फिरत होता. बुलडोझर काही वर्षांतून एकदा यायचा, खोकला रोज होता. तरी आम्ही बुलडोझरलाच जास्त घाबरायचो. का, ते मला नीट सांगता येत नाही. घर गेलं तर मुलीला घेऊन बसायचं तरी कुठे, असं वाटायचं.

फुकटात होईल तेवढं केलं. पाऊस नसेल तेव्हा चूल बाहेर मांडायची. जमिनीवर निवडणुकीचा जुना फ्लेक्स अंथरला. त्यावर एका पुढाऱ्याचा हसरा चेहरा होता. खालून ओल चढून त्याच्या गालावर काळे ठिपके पडले. महिन्याभरात फ्लेक्सखाली पाणी साचून वास मारायला लागला, म्हणून तो काढला. मुलीचा श्वास वाजतच राहिला.

मग वस्तीची मोजणी होणार असं कळलं. रिक्षाला भोंगा लावून सांगत फिरले. जे आधीपासून राहतात त्यांना जागेचा पट्टा मिळणार, म्हणजे जागा नावावर झाल्याचा कागद. त्यासाठी घरातल्या माणसाने आपल्या दारात, हातात नंबरची पाटी धरून उभं राहायचं, फोटो निघणार, अंगठा घेणार. जो दारात नसेल तो गेला. बायकांनी ठेवणीतल्या साड्या उन्हात घातल्या. मी रात्रंदिवस घाबरलेली होते, की ऐनवेळी माझ्या तोंडून नाव निघालं नाही तर.

आमच्या समोरच्या घरात एक फुलवाली मावशी एकटी राहते. चौकात हार, गजरे विकते. माहेरी फुलांचा मळा होता असं सांगते. तिचा मुलगा बायकोला घेऊन देवळाली कॅम्पला राहतो. मावशी तोंडाने फटकळ. मी गप्प असते म्हणून तिने माझं नाव "मुकी" ठेवलं होतं. पण गजरे उरले की एक माझ्या मुलीच्या वेणीला यायचाच.

आमच्या रांगेच्या मोजणीच्या दिवशी सकाळीच मुलीला धाप लागली. पंप दिला, फरक पडला नाही. हे पहिल्या पाळीला गेलेले, कामावर फोन कपाटात ठेवावा लागतो. मी मुलीला मांडीवर घेऊन दारात बसले. गल्लीच्या तोंडाशी मोजणीची माणसं दिसत होती. उठावं की थांबावं ते मला कळेना.

मावशी समोरून ओरडली, "काय बघत बसलीस गं मुके? पोरीचे ओठ बघ निळे पडायला लागले! ऊठ!"

"मावशी, मोजणी…"

"मोजणी गेली चुलीत. मी बसते तुझ्या दारात. माझी रांग उद्या हाय. घर उघडं दिसलं म्हंजे झालं. जा!"

मी पळाले. कोणाच्या तरी रिक्षात बसून दवाखान्यात गेले. तिला ऑक्सिजन लावला. तिचे ओठ परत गुलाबी होईपर्यंत मला मोजणी आठवली नाही. आठवली तेव्हा मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

आम्ही परत आलो तेव्हा दारावर रंगाने नंबर घातलेला होता. मावशी ठेवणीतली हिरवी साडी नेसून आमच्या उंबऱ्यात बसली होती.

"झालं तुझं काम," ती म्हणाली. "फोटोबी काढला. पाटी धरून अशी झ्याक उभी राहिले, नवरीवाणी."

"नाव काय लिहिलं?"

"माझं. मला इचारलं, मावशी तुमचं नाव काय, मग काय तुझं सांगू?" ती हसली. माझं तोंड बघून तिचं हसू थांबलं. "घराचा फोटो हाय तो. मी आपली पाटी धरायला."

मलाही त्यापेक्षा जास्त काही कळत नव्हतं. मी तिच्या पाया पडले.

दुसऱ्या दिवशी तिच्या रांगेत माणसं आली. तिने अंगठा ठेवला तर मशीन म्हणालं, ही बाई आधीच नोंदलेली आहे. मोजणीचा मुलगा पुढच्या घरी निघून गेला. मावशी पाटी मागत त्याच्या मागे गेली, पण पाटी पुढच्या दारात पोचली होती.

काही दिवसांनी यादी लागली. ह्यांनी वाचली आणि घरी येऊन मडक्यातलं पाणी प्यायले. मग सांगितलं. आमच्या नंबरापुढे मावशीचं नाव होतं. मावशीच्या घरापुढे "बंद" लिहिलं होतं. आम्ही यादीत कुठेच नव्हतो.

"बुलडोझर लागणारच नाही आता," हे म्हणाले. "कागदच पुरेल."

यादीवर हरकत घ्यायला मुदत दिली होती. पण मोजणीच्या ऑफिसात सांगितलं, ज्यांचं नाव लागलं आहे त्यांनी स्वतः येऊन "हे घर माझं नाही" म्हणायला हवं. मावशीने तसं म्हटलं, तर तिचं नाव आमच्या घरावरून निघणार, आणि तिच्या घरावर लागेलच याची खात्री कोणी देईना. तिच्या घरासाठी पुन्हा माणूस येणार, केव्हा ते माहीत नाही.

त्या रविवारी मावशीचा मुलगा कॅम्पवरून मोटरसायकलवर आला. समोर आईशी बोलत बसला. मग गल्ली ओलांडून आमच्या घरापाशी आला. मी आत होते. त्याने हाक मारली नाही. बोटाच्या पेरांनी आमचा पत्रा ठोकून बघितला, एकदा इकडे, एकदा तिकडे, भांडं घेताना बघतात तसा. आत मुलगी माझ्याकडे बघत होती आणि मी तोंडावर बोट ठेवून तिला गप्प केलं. आमच्याच घरात. तिला तेव्हाच खोकला आला. ती तोंड दाबून खोकली.

तेव्हापासून मावशीने माझ्याकडे बघणं सोडलं. दार अर्धं लावून हार करायची. गजरा येईनासा झाला. हे म्हणायचे, जाऊन भांडतो. मी जाऊ दिलं नाही. तिने त्या दिवशी मला उठवलं नसतं तर मुलगी राहिली नसती, हे मला माहीत होतं. तिच्याशी कोणत्या तोंडाने भांडायचं? आणि न भांडता कसं मागायचं, तेही येत नव्हतं. मुदत संपत आली. पाऊसही जवळ आला होता, आणि पावसात मुलीचा श्वास वाजतो, त्याची मला वेगळी भीती होती.

एका दुपारी मी वाटीत पिठलं घेतलं आणि गल्ली ओलांडली. मावशी सुईत दोरा ओवत होती. मी वाटी ठेवली आणि उभीच राहिले.

"काय गं? पिठलं द्यायला आलीस का पिठल्यासंगं उभी राहायला?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"तोंड हाय का न्हाय तुला? बोल की."

"मावशी…" म्हटलं आणि रडायलाच आलं.

"झालं. मुकीला पाणी फुटलं." तिने सुई परडीत टोचून ठेवली. "मला काय म्हाईत न्हाय का, तू कशापायी आलीस? पोरगा बोलला, आई, गप ऱ्हा. नाव लागलंय तिथं लागू दे. म्हणून गप राहिले."

गल्लीपलीकडे मुलगी खोकली. आम्ही दोघींनी ऐकलं. तो खोकला लांबत गेला आणि मग थांबला. तो थांबतो तेव्हा मी जास्त घाबरते.

"रोज ऐकते मी हे," मावशी म्हणाली. "पत्राच तो. कान लावावा लागत न्हाय." मग तिचा आवाज खाली आला. "मला भ्या वाटतं गं. जिथं नाव लिव्हलंय तिथनं काढलं, अन हितंबी न्हाय लागलं तर? सुनेच्या दारात जाऊन बसू का या वयात? ती मला च्या देते ना, कप आपटून देते."

मावशीलाही भीती वाटत असेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं. मी तिच्याजवळ खाली बसले. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आमचा कागद आधी आला, तर तुमचं नाव लागेपर्यंत तुम्ही आमच्या घरात राहा."

"तुझ्या त्या ओलीत?" ती म्हणाली. "मला बी दमा लागंल की!"

आणि पिठलं खायला लागली.

आम्ही दोघं आणि मावशी ऑफिसात गेलो. मुलगी कडेवर होती, मोठी झाली होती तरी. टेबलामागच्या साहेबांनी कागद चाळला आणि मावशीला म्हणाले, "आजी, यादीत घर आलंय तुमचं. नको आहे का? लोक दोन-दोन घरांसाठी भांडतात."

"दोन घरांत झोपायला दोन पाठी लागत्यात साहेब," मावशी म्हणाली. "मला एकच हाय, ती बी दुखती."

बाजूचे लोक हसले. साहेब हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "मोजणीच्या दिवशी तुम्ही कुठे होता? सगळ्यांना सांगितलं होतं हजर राहा म्हणून."

हे बोलायला पुढे झाले, तर साहेब म्हणाले, "त्यांना बोलू द्या."

माझे कान गरम झाले. सगळे बघत होते. मुलीच्या छातीतली शिट्टी मला माझ्या खांद्यापाशी ऐकू येत होती. मी म्हटलं, "दवाखान्यात होते. मुलीला श्वास येत नव्हता. घराला खिडकी नाही. कागद नाही म्हणून खिडकी काढत नाही." मग अजून काहीतरी बोलले, ते आठवत नाही. एवढं मी परक्या माणसासमोर कधीच बोलले नव्हते.

साहेबांनी मुलीकडे बघितलं आणि मावशीला म्हणाले, "इथे अंगठा करा."

मावशीने अंगठा केला. तो पुसायला तिने माझाच पदर घेतला.

पुन्हा फोटो काढायला माणूस आला. मी आणि हे दारात उभे राहिलो, पाटी मी धरली होती. मावशी तिच्या दारात उभी राहिली, हिरवी साडी नेसून, पण नवरीसारखी नाही. तो पावसाळा आम्ही सगळ्यांनी भीत भीत काढला. मुलीला दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं.

आमचा पट्टा दिवाळीनंतर आला, ह्यांच्या आणि माझ्या, दोघांच्या नावाने. मावशीचा आला नाही. मला आनंद करता येईना. तिचा मुलगा येऊन गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घे, आता त्यांच्याच दारात बस." मावशी त्याला म्हणाली, "बसंन की. ते च्या तरी देत्यात." पण तो गेल्यावर तिने दिवसभर हार केला नाही. रोज सकाळी दार उघडताना मला आधी समोर बघायची हिंमत होत नसे. तिचा कागद आला तेव्हा उन्हाळा लागला होता. तिने तो फुलांच्या ओल्या फडक्यात गुंडाळला, मी ओरडून तो काढून घेतला. मी मावशीवर ओरडले, त्याचं तिलाच हसू आलं.

कागद आला तरी हे पत्रा कापेनात. आज कापतो, उद्या कापतो म्हणत. माणूस इतकी वर्षं जे करायचं नाही ते कसं करणार? शेवटी एका सुट्टीच्या दिवशी कामावरून ग्राइंडर आणला. मुलीला मावशीकडे पाठवलं. ह्यांनी मागच्या पत्र्यावर खडूने चौकोन आखला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग ग्राइंडर चालू केला. त्या आवाजाने मी मागे सरकून दाराशी गेले, कारण बुलडोझर आला होता तेव्हा असाच आवाज झाला असणार असं वाटलं. चौकोन निखळून बाहेर पडला आणि घरात उजेड आला.

त्या उजेडात मी पहिल्यांदा आमच्या घराचा कोपरा बघितला. खाटेमागे, जिथे मुलगी डोकं करून झोपायची, तिथे पत्र्यावर हातभर काळी बुरशी होती, केसाळ. सासूबाईंची खाटही तिथेच असायची. मी आणि हे ते बघत राहिलो. ह्यांनी फडकं भिजवलं आणि पुसायला लागले.

एका खिडकीने भागणार नव्हतं. खाली ओल होतीच. विटांच्या भिंती, कोबा, गटाराला उतार, चुलीच्या जागी ओटा, याला पैसे हवे होते. आधी आम्हाला कोणी कर्ज देत नव्हतं, घर दाखवा म्हणायचे. आता एका पतसंस्थेने पट्टा गहाण ठेवून दिलं. सही करताना मी नाव दोनदा चुकवलं, तेव्हा त्यांनी विचारलं, ताई, बरं वाटत नाही का? ज्या कागदासाठी एवढं सोसलं तो कागद त्यांनी लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली फिरवली.

घर बांधलं. नटबोल्ट काढताना हे एकेक नट डब्यात टाकत होते. पहिल्या पावसात मी पहाटेच उठून कोब्यावर तळहात ठेवून बघायचे. कोरडा असायचा. मुलीचा श्वास त्या पावसाळ्यात वाजला, पण दवाखान्यात राहावं लागलं नाही. पुढच्या वर्षी शाळा कमी बुडली. पंप अजून कपाटात आहे आणि मी तो रोज हलवून बघते, त्यात औषध आहे ना.

भीती मात्र दुसरीच झाली. आधी बुलडोझरची गाडी ऐकायचे, आता पोस्टमनची सायकल. ह्यांच्या वर्कशॉपला काम कमी झालं, अर्धाच पगार यायला लागला, आणि एक हप्ता चुकला. संस्थेचा माणूस आला. चांगला होता, पाणी प्यायला, पण जाताना त्याने भिंतीवर हात फिरवला. मावशीच्या मुलाची बोटं मला आठवली. तो गेल्यावर मी मुलीला जवळ घेऊन बसले आणि वाटलं, आधी पत्रे तरी डोक्यावर नेता आले असते. ही भिंत कशी नेऊ?

मग मी मावशीजवळ बसून गजरे करायला लागले, आणि कारखान्याच्या रबरी पार्टांची जास्तीची कड कापायचं काम घरी आणलं. ते दारात बसून करायचे, रबराचा वास आत जाऊ नये म्हणून. डोळे दुखायचे. हप्ता पुन्हा चुकला नाही. मावशी म्हणायची, "मुकी पैशापुढं बोलाय लागली बघा," कारण फुलवाल्याशी भावावरून मीच वाद घालायचे.

काल शेवटचा हप्ता होता. दोघांच्या सह्या लागणार होत्या आणि मुलीची शाळा सुटलेली होती, म्हणून तिघंही निघालो. घरात बसायला कोणी उरलं नव्हतं. ह्यांनी नवीन कुलूप आणलं होतं. लावलं, ओढून बघितलं. गल्लीच्या कोपऱ्यावरून परत जाऊन पुन्हा ओढून बघितलं.

मी मावशीला म्हटलं, "लक्ष ठेवा."

"ठेवते. पण दारात न्हाय बसायची बाई," ती म्हणाली. "पुन्हा माझंच नाव लागंल."

संस्था वरच्या मजल्यावर आहे. मुलगी जिना पळत चढली. मी मागे थांबून ऐकलं. मला आता तिच्याकडे बघावं लागत नाही, कानच लावलेला असतो. वरून तिने हाक मारली, "आई, ये ना!" हाकेत शिट्टी नव्हती. तरी मी आणखी थोडा वेळ ऐकत उभी राहिले.

टेबलावरच्या बाईंनी पैसे मोजून घेतले, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "झालं ताई, सगळं फिटलं."

मी म्हटलं, "परत सांगा."

त्या हसल्या. "काही बाकी नाही. सगळे पैसे फिटले."

मग त्यांनी ते लोखंडी कपाट उघडलं आणि आमचा कागद माझ्या हातात दिला.